कन्हानच्या रेतीतलं जेवण

आई,

तुझ्या पद्धतीप्रमाणे आज दुपारी कन्हान नदीच्या रेतीत गाडी आणून उभी केली आहे आणि आतल्या स्टोव्हवर वरण चढवलं आहे. ते शिजेपर्यंत हाताला काम नाही, म्हणून लिहायला बसलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला शिलाई मशीनवर बसलेली पाहिलेली माणसंही आता फारशी उरली नाहीत. लकडगंजातल्या नव्या पोरांना वाटतं, गाडीत बिछाना, गाडीत ओटा, गाडीत पाण्याची टाकी हे सगळं परवा-परवा कोणीतरी मोबाइलवर पाहून काढलं. मी सांगायला गेलो की "हो काका, हो काका" म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. म्हटलं, मरू दे. जिला ठाऊक आहे तिलाच सांगावं.

बाबा गेले तेव्हा आपली शेड ट्रकच्या बॉड्यांची होती. बाहेर दिवसभर आरा मशिनी कोकलायच्या, आत बाबा आणि मिस्त्री फळ्या ठोकायचे, आणि मागच्या कोपऱ्यात तू पायमशीन घेऊन जीपचे हूड, सीटा, ताडपत्र्या शिवत असायचीस. बाबांच्या मागे थोड्याच दिवसांत मिस्त्री निघून गेले. बाईच्या हाताखाली काम करणं त्यांना झेपेना. शेजारी काकाजींची लाकडाची वखार. बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, माणूस काही वाईट नव्हता. त्यांना मनापासून वाटायचं की वहिनीनं आता घरी बसावं, मी सरकारी कारखान्यात चिकटून जावं आणि आपल्या शेडमध्ये त्यांचं सागवान रचलं जावं. "वहिनी, शेड मले द्या, पोराले नोकरीले लावा अन् आराम करा," असं ते येता-जाता म्हणायचे. तू मशीन थांबवून ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा पाय चालवायला लागायचीस. एक दिवस मात्र थांबवलेलं मशीन थांबलेलंच राहिलं. तू म्हणालीस, "एक गाडी करू द्या भाऊजी. आम्हा मायलेकाच्या हातची एक. नाई जमली तं शेड तुमची." मी तिथंच उभा होतो. मला विचारायचं तुझ्या मनातही आलं नव्हतं, आणि खरं सांगू, मला ते फार आवडलं होतं.

ती एक गाडी म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक बाईंची. बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, लष्करातल्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या, आणि बाईंनी कामठीहून एक अँब्युलन्स उचलली होती. चारही चाकांना जोर, पत्रा भक्कम, दारावरचा लाल क्रॉस अर्धा खरवडलेला. बाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. सातपुड्याच्या रानात आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करून झाडंझुडपं गोळा करायची होती त्यांना, आणि विश्रामगृहाच्या चौकीदारांची मर्जी सांभाळून त्या विटल्या होत्या. गाडीतच राहता येईल अशी गाडी करून द्या, एवढंच त्यांचं मागणं. पण आपल्या दारी येईपर्यंत त्यांनी बाईमाणसानं जंगलात गाडीत कशाला झोपायचं, हे सगळ्या शेडींतून ऐकून घेतलं होतं. तू तसलं काही विचारलं नाहीस. तू विचारलंस, "झोपता कोनत्या कुशीवर? उठल्याबरोबर चहा लागते का? अन् ओली झाडं आनता, तं ते वाळत कुठं घालता?" बाई दाराला टेकून उभ्या होत्या. आधी हसल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की तुला खरंच उत्तरं हवी आहेत. मग कितीतरी वेळ तुम्ही दोघी बोलत राहिलात आणि मी उगाच गाडीभोवती फिरत राहिलो.

आणि मग मी कामाला लागलो. लागलो म्हणजे काय, बाबांचा मुलगा ना मी! मला माहीत होतं ते एकच, की गाडीवर जे काही करायचं ते दहा वर्षं कोळसा भरला तरी हलता कामा नये. सागवानाचं कपाट, सागवानाचा ओटा, सागवानाचा पलंग, खाली लोखंडी अँगल, वर जाड नटबोल्ट. तू दोनदा म्हणालीस, "जरा हलकं घे गा." मी म्हटलं, मजबूत नको का? आतमध्ये स्ट्रेचर अडकवायचे लोखंडी ब्रॅकेट होते, ते तर मी पहिल्याच दिवशी खोलून भंगाराच्या ढिगात फेकले होते. त्यावर कोण कोण निजून गेलं असेल, कोणाचं काय झालं असेल, नको ते! तू फक्त एक गोष्ट हट्टानं करून घेतलीस, ओट्याला आणि फळ्यांना चारही बाजूंनी बोटभर उंच काठ.

बाबांची रीत होती की बॉडी तयार झाली की ती भरून वाईट रस्त्यावर न्यायची, मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. रिकामी बॉडी सगळ्यांचीच चांगली दिसते, म्हणायचे. ती रीत तू सोडली नाहीस, फक्त माल बदललास. "याच्यात संत्री जाणार नाईत, संसार जाईन. मंग संसारच भरू," म्हणालीस आणि घरातलं पीठ, डाळ, पाण्याचं पिंप, गाद्या, अगदी पाटावरवंटासुद्धा गाडीत चढवलास. काकाजी आपणहून सोबत आले. आपली पैज त्यांच्या चांगलीच लक्षात होती.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आपण कन्हानच्या पात्रात उतरतो आहोत. उन्हाळा आहे, पाणी पलीकडच्या काठाला गेलं आहे आणि अलीकडे नुसती भुसभुशीत रेती पसरली आहे. मी गाडी चालवतोय, शेजारी काकाजी, मागे तू, पेटत्या स्टोव्हवर वरणाचं पातेलं धरून. थोडं अंतर जातो आणि मागची चाकं बसतात. मी जोर देतो, ती आणखी बसतात. खाली उतरून बघतो तर गाडीचं पोट रेतीला टेकलेलं. चारही चाकांचा जोर माझ्या सागवानानं खाऊन टाकला होता. वरच्या कपाटानं गाडी एका अंगाला अशी कलली होती की आता आडवी पडते की काय असं वाटत होतं. मी फावड्यानं रेती उपसतोय, काकाजी छत्री धरून उभे आहेत आणि म्हणताहेत, "वहिनी, आता तरी ऐका." आणि मला खरोखर वाटलं की संपलं. शेड गेली, तुझं मशीन गेलं, उद्यापासून तू घराच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी घामात खपवलं.

तेवढ्यात मागचं दार उघडून तू म्हणालीस, "जेवून घ्या आधी. वरण सांडलं नाई." त्या तिरक्या गाडीत तू भाकरी थापल्या होत्यास! रेतीचा ट्रक आपल्याला ओढायला आला, त्याच्या ड्रायव्हर-क्लीनरलाही तू बसवून घेतलंस. मग सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "तू गाडीत घर नाई करून राहिला गा, गाडीत वखार करून राहिला." काकाजींच्या हातातला घास तसाच राहिला, आणि मग तेही हसले. मला मात्र ते फार लागलं. पण त्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा जन्म काढला, हेही तितकंच खरं.

परत आल्यावर तू भंगाराचा ढीग उपसून ते ब्रॅकेट स्वतः वेचून आणलेस आणि रॉकेलनं पुसायला बसलीस. मी म्हटलं, "आई, त्याच्यावर काय काय वाहून नेलं असन, मले नाई बरं वाटत." तू मान वर न करता म्हणालीस, "दवाखान्यात नेत होते गा, मसनात नाई. वाचवाले नेलेल्याच्या जागेवर झोपाले कायचा भेव?" मी दुसरं फडकं घेऊन तुझ्याशेजारी बसलो. त्या ब्रॅकेटांत दोन पाइप अडकवून त्यावर तू ताणलेला कॅनव्हास शिवलास, हा बाईंचा पलंग. सकाळी गुंडाळला की त्या जागी टेबल. सागवानाचं कपाट काढलं आणि त्याच्या जागी भिंतभर कॅनव्हासचे कप्पे आले, दुहेरी शिवणीचे, मेण लावलेल्या दोऱ्याचे, दाभणानं कोपरे आवळलेले. दारावर बाहेरून उघडणारा छपरीसारखा पडदा, खाली बसून चहा प्यायला. आणि छताखाली जाळीचे झोळणे, वारा लागून बाईंची झाडं वाळावीत म्हणून. तुझी सुई चालताना मी पाहत बसायचो. कापड कापण्याआधी तू तळहात त्यावर फिरवायचीस आणि डोळे मिटायचीस. तुला ती गाडी आतून दिसत असायची, चालताना, थांबताना, पावसात, उतारावर. असं पाहणं मला आजवर जमलं नाही.

गाडी झाली त्या दिवशी बाई न्यायलाच आल्या. गाडी तर रेतीत जायची राहिली होती! तू शांतपणे म्हणालीस, "रंग ओला हाय, बाई. उद्या या." रंग चांगला खडखडीत वाळला होता. मी तुझ्याकडे बघतच राहिलो, कारण तू खोटं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच रेतीतून गाडी पलीकडच्या पाण्यापर्यंत गेली आणि परत आली. तू आत वांग्याची भाजी करत होतीस. काकाजी पोटभर जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, माह्या ट्रकची ताडपत्री फाटली हाय, जरा पाहून घ्या." शेडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

बाई आल्या, बूट काढून पलंगावर आडव्या झाल्या आणि पडल्यापडल्या कप्प्यात हात घातला. म्हणाल्या, "सगळं माझ्या हाताला बरोबर येतंय. तुम्ही माझं माप कधी घेतलंत?" तू म्हणालीस, "तुमी दाराले टेकून उभ्या होत्या ना, तवा." बाई कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

त्यानंतर किती गाड्या आपल्या शेडमधून रानात गेल्या! डॉक्टर आले, फोटो काढणारे आले, बायकोला घेऊन हिमालय पाहायला निघालेला एक पेन्शनर आला. प्रत्येकाला तू एक दिवस ओल्या रंगावर थोपवलंस आणि प्रत्येक गाडीत कन्हानच्या काठी जेवलीस. बाई दर उन्हाळ्यात म्हणायच्या, एकदा चला माझ्यासोबत, तुम्हीच शिवलेल्या पलंगावर झोपा. "पुढच्या साली," म्हणायचीस तू. सगळ्यांना रानात पाठवलंस आणि स्वतः कन्हानच्या पुढे गेली नाहीस. आधी काम असायचं, मग गुडघे, आणि मग एका पावसाळ्यात तूच नव्हतीस. मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच होता. तो मी पुरा केला, पण टाके तुझे वेगळे दिसतात.

आता शेड तुझी नात चालवते. बाईच्या हाताखाली काम नको म्हणणारं कोणी आता येत नाही. आजची गाडी एका तरुण जोडप्याची, लडाखला निघालेत. सकाळीच त्यांचा फोन आला होता, गाडी कधी देता म्हणून. वरण झालं आहे. भाकरी मला अजूनही तुझ्यासारखी जमत नाही, काठाला फाटते. ताटं दोन घेतली आहेत. संध्याकाळपर्यंत इथंच बसेन म्हणतो, मागचं दार उघडं टाकून. आणि आई, रंग ओला आहे असं मी त्या पोरांना कालही सांगितलं होतं, आजही सांगितलं. तो परवाच वाळला आहे.