दिराला काहीही नाही

मी, सुताराची विधवा, समाजातल्या मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. कोणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करणाऱ्याचं काय होतं, ते पुढे येईलच.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. कफन शिवायची सुई-कात्रीही तिलाच. आपल्या कफनाच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, हे तिने विसरू नये. नवऱ्याचा रंधा, करवत, हातोडी जावयाला. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, पण माणूस सरळ आहे.

फावडं कब्रस्तानाला. त्याची हकिगत लिहिणं भाग आहे.

नवरा महामारीत गेला. आम्हां यहुद्यांत मृतासाठीची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणत नाहीत, आणि आमच्यात पुरुष उरले होते मोजून दहा. कब्रस्तानाच्या फाटकाच्या आत चौघे पुरुष आणि मी, एवढीच परवानगी. बाकीचे उंच गजांच्या कुंपणाबाहेर लांब लांब उभे राहिले. चेहरे दिसतात, आवाज पोचतो, तेव्हा हे दहाच, असं ठरलं. अर्धी माती पडली आणि गल्लीतून जमाव आला.

"रोग पुरतायत इथे! हाणा!"

पहिल्याच दगडाने शिंप्याचा डोळा फुटला. बाहेरचे सगळे फाटकाकडे धावले. किल्ली होती माझ्या धाकट्या दिराकडे, तो प्रार्थनागृहाचा कारभारी. त्याने आतून कुलूप घातलं.

"भाऊजी, उघडा! आपली माणसं आहेत!"

"वहिनी, उघडलं तर सगळेच मरू!"

शिंपी गज धरून उभा होता आणि त्याच्या पाठीवर दांडकी पडत होती. मी फावडं उचलून दिराच्या जबड्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे आणि अजून गोड लागतो. किल्ली काढली, रक्तबंबाळ माणसं आत ओढली, पुन्हा कुलूप घातलं. पण दहातले दोघे बेशुद्ध. प्रार्थना राहिली. उरलेली माती मी एकटीने लोटली.

तेव्हापासून दिराशेजारी उभं राहायला कोणी तयार नाही, आणि त्याच्यावाचून नऊच होतात. माझा नवरा अजून प्रार्थनेवाचून पडला आहे. देवाला दहाच का हवेत, म्हणून मी पुष्कळ चडफडले. एकाला गाळून बाकीच्यांना त्याच्या दारात जाता येऊ नये, म्हणूनच असेल. मला पटत नाही, पण मानते.

सबब माझी अट: माझ्या दफनाला दहाही जण यावेत. फाटक दिराने स्वतःच्या हाताने उघडावं आणि लगेच किल्ली शिंप्याकडे द्यावी. आधी नवऱ्याची प्रार्थना, मग माझी. रीतीप्रमाणे फावडं हातोहात देऊ नये, मातीत रोवावं, पुढच्याने उचलावं. मी ते रीत सोडून वापरलं, त्याचा पश्चात्ताप नाही.

दिराला फुटकी कवडीही ठेवलेली नाही. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीला घेऊ नये. म्हणजे हा चालतो. निरोप धाडला, आला. वरचं सगळं वाचून वाकड्या जबड्याने म्हणाला, "वहिनी, शिंपी उभा राहील माझ्याशेजारी?"

शिंपी समोरच बसला होता. म्हणाला, "माझ्या फुटक्या डोळ्याच्या बाजूला उभा राहा. म्हणजे मला दिसायचा नाहीस."

हे दोघांसमोर लिहून सही करते.

सही: सुताराची विधवा
साक्षीदार: १. शिंपी २. दीर
ठिकाण: नवऱ्याची कामाची खोली
दिवस: शुक्रवार, शब्बाथचे दिवे लावण्याआधी