मनोरीला गेलेला पहिला मुखवटा

मरोळ, अंधेरी (पूर्व)
ता. ३ जून १९८६

ती. मालनवन्संना,

रत्नप्रभेचा नमस्कार. (कंबर धरलेली असताना वाकून केला आहे, तेव्हा तो खरा समजावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? गाय व्यायली का? आमसुलं पोचली, बरणीत भरली, आणि त्यातली निम्मी तुमच्या भावाने येता-जाता नुसतीच तोंडात टाकली. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दशरथ गणपतीत आला तेव्हा त्याची गालफडं बसलेली दिसली, आणि बायको दिवसभर रंगाच्या डब्यांत हात घालून बसली तर नवऱ्याच्या ताटात काय पडणार. वाचून मला राग आला. तो मी आठ दिवस जपून ठेवला, मग सोडून दिला, कारण तुमचा भाऊ आता चांगला गरगरीत झाला आहे. मात्र त्यात माझ्या स्वयंपाकाचा काही हात नाही, आणि हे पत्र लिहायला बसले ती त्याच काळजीने.

गिरणी बंद पडल्यापासून हे घरीच असतात, आणि माझे कागदी मुखवटे घर ओढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळा म्हणजे आमची सुगी. पार्ल्याला शाळेच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन, मुलुंडला महिला मंडळाचा आनंदमेळा, आणि मेच्या मध्यावर मनोरीची जत्रा. यंदा मी ठरवलं, वाघ आणि राक्षस पुरे झाले, माणसाचा चेहरा करायचा. माणूस घरात रिकामाच होता. त्यांना चटईवर आडवं केलं, तोंडाला खोबरेल चोपडलं, नाकात रसवंतीतून आणलेल्या दोन नळ्या खुपसल्या आणि वरून प्लास्टर ओतलं. वन्सं, तुमचा भाऊ त्याखाली झोपला! नळ्यांतून घोरण्याची अशी शिट्टी निघायला लागली की शेजारच्या जयंतीबेन, तुमचा कुकर कधीचा बोंबलतोय, असं सांगायला दारात आल्या. आत येऊन त्यांनी चटईवर पाहिलं आणि दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. साचा मात्र झकास निघाला.

आता माझी चूक सांगते. मला हे काम शिकवलं माझ्या माहेरच्या धाकूआजोबांनी. ते शिमग्याची सोंगं करायचे. त्यांचा एक कडक नियम होता. जिवंत माणसाच्या साच्यातून निघालेला पहिला मुखवटा विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, त्याला डोळ्यांची भोकंसुद्धा पाडायची नाहीत. ज्याचा चेहरा त्यानेच तो आपल्या हाताने पाण्यात कुसकरायचा आणि तो लगदा पुढच्या लगद्यात मिसळायचा. मग बाकीचे नुसते मुखवटे. का, म्हणून विचारलं की आजोबा तंबाखू मळायला घ्यायचे. पण पार्ल्याचं प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं, लगदा थोडा उरला होता, आणि पहिलाच इतका सुरेख उतरला होता की काय सांगू. हनुवटी तर अशी गुळगुळीत, की ब्रश घसरत होता. मला तो मोडवेना. भोकं पाडली, रंगवला आणि टोपलीत घातला.

पार्ल्याला त्याला कुणी हात लावला नाही. त्याच साच्यातले बाकीचे हातोहात गेले, पण याच्यापाशी आले की लोक हात मागे घ्यायचे. एक बाई म्हणाल्या, हा वाट बघतोय असं वाटतं, आणि पर्स काखेत घट्ट धरून निघून गेल्या. मुलुंडला परीक्षकांनी मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं (स्टीलचा डबा, झाकण बसत नाही) आणि हळूच विनंती केली की भाषणं होईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून ठेवा. मी हसले. तेव्हा हसता येत होतं.

मग मनोरी. मार्वेच्या धक्क्यावरून तरीच्या होडीने पलीकडे जाईपर्यंत यांना इतकं मळमळलं की त्यांनी सगळा वेळ माझा पदर धरला होता. (हे लक्षात ठेवा.) जत्रेत आमच्या समोर अंजनाबाई म्हणून एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसली होती. तिचा नवरा हरेश्वर चार वर्षांपूर्वी समुद्रात गेला. होडी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून ही कपाळाला ठसठशीत कुंकू लावून रोज धक्क्यावर जाऊन बसते, असं बाजूच्या फुगेवाल्याने सांगितलं. दुपारी ती उठून आमच्याकडे आली आणि त्या मुखवट्यासमोर उभी राहिली. "ह्यो माजा घो हाय गो," म्हणाली. मी घाईघाईने मागे भजी खात बसलेले हे दाखवले, म्हटलं, बाई, हा यांचा चेहरा आहे. तिने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेची सुरी काढून तिने मुखवट्याच्या हनुवटीवर एक तिरकी चीर पाडली. "हितं दोरानं कापला व्हता," म्हणाली, मुखवटा पदराखाली घेतला, माझ्या ओटीत बोंबलांची जुडी टाकली आणि गेली. मला अडवता आलं असतं. पण तिचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

त्यानंतरच्या बुधवारी घरी दुधीची भाजी होती. हे पानावर बसले, म्हणाले, "माका भूक नाय," आणि ढेकर दिली. वन्सं, ढेकर बोंबलाची! ओटीतली जुडी मी जयंतीबेनच्या धाकाने कधीच भांडीवालीला देऊन टाकली होती. गुरुवारी ढेकर कोलंबीची. शुक्रवारी मी यांच्यावर पाळत ठेवली, बाहेर कुठे खानावळ लावली असेल म्हणून, तर हे दिवसभर खिडकीशी बसून होते. आमच्या खिडकीतून कारखान्याची भिंत दिसते. भरदुपारी त्या भिंतीकडे बघत म्हणाले, वारा फिरलाय. आणि अंग रोज भरत चाललं. सदऱ्याची बटणं मी दोनदा पुढे सरकवली.

शेवटी मुखवटा परत आणायला आम्ही मनोरीला गेलो. या वेळी तरीत हे टोकाला उभे राहिले, कशाला न धरता. धक्क्यावरची कुत्री यांच्या पायाशी लोळली आणि माझ्यावर भुंकली. यांना तिथेच बसवून मी एकटीच अंजनाबाईच्या घरी गेले. भिंतीवर मुखवटा, त्याच्यासमोर ताट, ताटात भात आणि बोंबलाचं कालवण. ती दार ओढून बाहेर बसली होती, मलाही बसवलं. जेवताना त्याला कुणी बघितलेलं आवडायचं नाही म्हणे. थोड्या वेळाने आत गेलो. ताट जसंच्या तसं भरलेलं होतं. मला सुटल्यासारखं झालं, इतकं की हसूच आलं. तिने त्यातला एक घास माझ्या हातावर ठेवला. त्या कालवणाला मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, मासळीची चवसुद्धा नव्हती. भिजलेला कागद चावत होते मी.

मुखवटा दे, एवढं म्हणायला गेले होते. पण ती म्हणाली, चार वर्षांनी आता कुठे डोळ्याला डोळा लागतोय. मग माझ्याने म्हणवेना. मी नुसतीच बसून राहिले तर तिलाच काय कळलं कोण जाणे, माझा हात धरून म्हणाली, "दुपारचा माजा, रातचा तुजा." आणि वन्सं, मी मान डोलावली. भाजी निवडत बसलेल्या दोन जावांसारखी आम्ही ती वाटणी केली. धक्क्यावर आले तर यांनी विचारलं, इतक्यात निघायचं?

बाकी सर्व क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
रत्नप्रभा

ता. क. : आज सकाळी हे दाढी करत होते. हनुवटीवर तिरका वण आहे. मी विचारलं तर म्हणाले, हा लहानपणचा, फणसावरून पडलो तेव्हा मालनताईने हळद दाबली होती. बारा वर्षं मी हा चेहरा बघते आहे, त्यावर प्लास्टर ओतलं आहे. साचा पुन्हा काढून बोट फिरवलं, हनुवटी गुळगुळीत आहे. तुम्ही त्यांना वाढवलंत. उलट टपाली लिहा, दशरथ फणसावरून पडला होता का?

ता. क. २ : पडला नसेल तर खोटं लिहा. "पडला होता" एवढं तुमच्या अक्षरात हवं. आणि लहानपणी त्यांना खायला काय काय आवडायचं, ते सगळं कसं करायचं, तेही सविस्तर लिहा. स्वयंपाकाबद्दल तुम्ही जे बोललात ते सगळं मला मान्य आहे. रात्रीचं जेवण अजून माझ्याकडे आहे.