सातशे वीस अंशांचं शेत

मुरबाड, १ डिसेंबर १९३८

चि. विठूस काशीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भात झोडून झालं, पण माझं डोकं तापलेलंच आहे. आमचे हे वारल्यावर वाटणीचा कागद राहिला होता. आता माझ्या दिरांना, नवसूभावजींना, एकाएकी कायद्याचा पुळका आला. स्वतःच मोजणीदार आणून त्यांनी माझ्या वाट्याचा नकाशा काढवला. त्यात पाच कोपरे आहेत, प्रत्येकात अंश लिहिलेत, आणि माझी विहीर कुठेच नाही. विचारलं तर म्हणतात, वैनी, तुमाला त्यातलं कळायचं नाय, तुमच्या मास्तर भावानंच तपासलाय. सोमवारी १२ तारखेला पंचांपुढे माझी सही हवी आहे. तू खरंच तपासलास?

उत्तराला उशीर लावून माझी माया आटवू नकोस.
काशीअक्का

शहापूर, ५ डिसेंबर १९३८

ती. अक्कास विठूचा सा. न. वि. वि.

होय, नवसूभावजी इकडे बाजाराला आले तेव्हा शाळेत डोकावले होते. मोजणीदाराच्या कोनांची बेरीज पाचशे छत्तीस येत होती. अक्का, पंचकोनात हे शक्यच नाही! पाच बाजूंतून दोन वजा कर, उरलेल्या तिनाला एकशे ऐंशीनं गुण. पाचशे चाळीस. मी लाल शाईनं चार अंश वाढवून दिले. आता १०८, ९५, १२२, ११०, १०५. बेरीज करून बघ, सोळा आणे बरोबर. विहीर नकाशात काढलीच पाहिजे असं नाही. भूमिती खोटं बोलत नाही. निःशंकपणे सही कर.

धाकट्यावरचा लोभ उणा होऊ देऊ नये.
विठू

मुरबाड, ८ डिसेंबर १९३८

चि. विठूस आशीर्वाद, या खेपेस हात आखडून.

बेरीज केली. पाचशे चाळीसच. शाबास, मास्तर! मग पत्र कनवटीला लावलं आणि शेतात गेले. चिंचेच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकली आणि तू सुट्टीत पाटीवर दाखवायचास तसा, तिथून एकेका कोपऱ्याला सुंभ ताणत त्रिकोण पाडले. चार निघाले, विठू, तीन नव्हे! चार वेळा एकशे ऐंशी म्हणजे सातशे वीस. माझं शेत सहा कोपऱ्यांचं. सहावा विहिरीचा. मोजणीदारानं अलीकडच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या कोपऱ्यावर सरळ रेघ ओढून तो कापला. लबाडाच्या कागदाला चार अंश कमी पडत होते, ते माझ्या भावानं पुरवले! दर उन्हाळ्यात त्याच विहिरीत डुंबलास, आणि कोपरे किती एवढं तुला विचारवलं नाही? वैशाखात गुरं आणि मी काय पिऊ, तुझी बेरीज? सोमवारी ये आणि पंचांसमोर सांग, माझं चुकलं.

लोभाचं मग बघू.
काशी

मुरबाड, १४ डिसेंबर १९३८

विठूस,

तू आला नाहीस. काल तुझं पत्र आलं. शाळेत तपासणी आहे, चूक कबूल आहे, पण पंचांत माझं नाव घेऊ नकोस, लोक हसतील, म्हणतोस. एक दिवस उशीर झाला, बाबा.

पाचही पंचांना मी शेतात उतरवलं आणि सुंभ त्यांच्याच हाती दिला. नवसूभावजी म्हणाले, बायकांनी दोऱ्या ताणून जमिनी मोजायच्या, तर मोजणीदारांनी काय दळण दळायचं? म्हाताऱ्या नामा पाटलांनी त्यांना विचारलं, तुला चारपर्यंत मोजता येतं ना रे? भावजींनी त्रिकोण मोजले. चारच. मग पंचांनी विचारलं, लाल शाईनं अंश कुणी फिरवले? मी सांगितलं, माझ्या सख्ख्या भावानं.

कागद तिथल्या तिथे फाडला. विहीर माझीच राहिली. नवा नकाशा त्याच मास्तरानं सहाही कोपऱ्यांवर उभं राहून काढायचा, असं ठरलं आहे. रविवारी ये. मोजणीची साखळी नवसूभावजी धरतील. हसायला गाव येणार आहे, त्यात मीही असेन.

धसकटं अजून टोकदार आहेत, वहाणा घालून ये. जेवायला वाढीन, बोलणार मात्र नाही.
काशीअक्का