दोन प्रतिष्ठित साक्षीदार

ग्वाल्हेर, रविवार

तीर्थस्वरूप भालचंद्रदादांना, धाकट्या शरयूचा गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? इथे आम्ही खुशाल, म्हणजे अद्याप तुरुंगाबाहेर आहोत.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. दारात एक दरोगाजी (म्हणजे इथले फौजदार) आणि दोन शिपाई. कुणाचा तरी चोरीचा मोबाइल आमच्या हजीऱ्याच्या गल्लीत दिसतोय (नकाशावर, डोळ्यांनी नव्हे), म्हणून माझ्या घराची तलाशी घ्यायची! "माताजी, पाँच मिनट का काम है," म्हणत ते थेट यांच्या कपाटाकडे निघाले. दादा, हे जाऊन तीन वर्षं झाली, ते कपाट मी स्वतःसुद्धा उघडलेलं नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले. वॉरंट मागितलं. नव्हतं. मग तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईच्या अंगात जे संचारतं ते संचारलं. म्हटलं, आधी कारण कागदावर लिहा, मोहल्ल्यातले दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणा आणि सगळ्याचा व्हिडिओ काढा.

साक्षीदारांवर गाडी अडली. शेजारचे रघुनाथराव धावत आले; त्यांना प्रतिष्ठित मानायला मी साफ नकार दिला (पेपर रोज माझा नेतात आणि शब्दकोडं भरून परत करतात). समोरच्या पद्माताई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात शिरून डबे उघडू लागल्या. दरोगाजी कारण लिहायला बसले, तर चार ओळींत सात चुका. मी लाल पेनने दुरुस्त केल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चोरीचा मोबाइल फिर्यादीच्याच स्कूटरच्या डिकीत सापडला होता! दरोगाजी घाम पुसत म्हणाले, "माताजी, आप थाने में क्लास लेने आ जाइए." मी चहा पाजून पाठवलं.

ते गेल्यावर कपाटाला टेकून थोडी रडले आणि मग ते स्वतःच उघडलं. स्वेटरांच्या मागे तीळगुळाच्या गजकची नऊ रिकामी खोकी! एवढा डायबिटीस असताना! इतकी हसले की पद्माताई पुन्हा धावत आल्या.

असो. माणसाचं खाजगी ते खाजगीच, हे साऱ्या मोहल्ल्याला आता पाठ झालं आहे.

तुमची,
शरयू

ता. क. तुमची नात सीमंतिनी माझ्याकडे राहून नीट अभ्यास करते आहे. मात्र तिच्या फोनवर हेमेंद्र नावाचा कुणी दिवसातून बारा वेळा उगवतो. फोनचा पासवर्ड वहिनींना ठाऊक असल्यास ताबडतोब कळवा. जन्मतारीख, शाळा आणि मांजराचं नाव घालून झालं आहे.

ता. ता. क. पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देते आहे. पाकीट फोडलेलं मिळालं तर सांगा. दुसऱ्याचं वाचायची सवय मुलींना बरी नव्हे.