वाऱ्याकडे झुकण्याचा धडा

मानक नगर, लखनौ
१९ मे १९९४

प्रिय सरोज,

आम्ही दोघे बापलेक वेळेवर जेवतो, हे आधी लिहितो. आईंचा ताप उतरला का?

अभिरामच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. घाबरू नकोस, २७ जूनला निघेल.

रविवारी कानपूर रोडवर उजवीकडून लूचा जोराचा गरम वारा होता. अशा वेळी सायकल वाऱ्याकडे झुकवून चालवायची, हे माझे स्वतः शोधलेले तंत्र मी त्याला शिकवत होतो. आपले दूधवाले रामसजीवन मला कितीदा म्हणाले, "बाबूजी, ट्रक आए तो उतर जाइए." मी हसून म्हणायचो, "भैया, यह साइंस है."

मागून आलेला ट्रक उजवीकडून पुढे जाऊ लागला, तसा वारा एकदम अडला आणि झुकलेला अभिराम ट्रकच्याच बाजूला कोसळला. मागचे चाक त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून गेले.

डॉक्टरांना तो म्हणाला, "मैं ही टेढ़ा चला रहा था." मी शेजारीच उभा होतो.

फोनवर त्याला रागावू नकोस. चूक माझी होती. चार दिवस झाले, त्याला अजून हे सांगितलेले नाही.

आईंना नमस्कार, जुईला पापा.

तुझा
मधुकर