गुलाबाच्या चिठ्ठीचा कोपरा

बाबा, गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तुमची लाडकी विद्यार्थिनी, दर रविवारी वरवट बकालहून बसने आपल्याकडे नांदुऱ्याला शिकायला यायची ती. आता खामगावला शिकवते. आवाज तेवढाच मोठा आहे. तुमच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा डबा तुमच्यामागे माझ्याकडे आहे ना, असं विचारून म्हणाली, "गुलाबाच्या चिठ्ठीवर सरांनी माह्यं नाव लिवलं होतं. फोटो पाठवशीन का वं? माह्या पोराईले दाखवाचा हाये." मी म्हटलं, शोधते. डबा माझ्यासमोरच होता.

तो स्नेहसंमेलनानंतरचा रविवार. शाळेची गुलाबदाणी धुवायला म्हणून तुम्ही घरी आणली आहे. आई चहा टाकते आहे, आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आहोत. तेरा वर्षांच्या. तुम्ही उरलेलं गुलाबपाणी आमच्या तळहातांवर शिंपडता, आधी तिच्या. मग सांगू लागता. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. तिकडे गुलाब म्हणजे हे बाटलीतलं पाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं. गुल हासुद्धा एका फार जुन्या इराणी शब्दाचा झिजून उरलेला तुकडा. त्याच शब्दाचं अरबांकडे वर्द झालं, आणि ग्रीकांच्या, रोमनांच्या तोंडून फिरत फिरत त्याचाच इंग्रजांकडे रोझ झाला असावा, असं जाणकार मानतात. मी मनात पाठ करते आहे. तुम्ही विचारलंत तर न अडखळता सांगता यावं म्हणून.

तिने काहीच पाठ केलं नव्हतं. तळहात हुंगत म्हणाली, "सर, मंग जुलाब? आमची आजी देते थो. थो याच्यातलाच का?"

तुम्ही गुलाबदाणी खाली ठेवलीत. "काय बोलली वं पोरी! त्यातलाच! अरबाईच्या बोलण्यात ग नाही, म्हून गुलाबचं जुलाब झालं. पहिले गुलाबपाण्याचं सरबत, मंग औषधाचं, मंग पोट साफ कराचं."

"म्हंजे लग्नात पाहुण्याईवर जुलाबच शिंपडतेत म्हना की!"

आई हसता हसता गाळणी विसरली. तुम्ही हसलात तसं हसताना मी तुम्हाला तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी म्हटलं, "शी." तुम्ही माझ्याकडे वळलात आणि लगेच भाषा बदललीत. "शी काय त्यात? शब्द आहे तो."

कोशात भेटलेला शब्द तुम्ही लिहीत नव्हता. कोणाच्या तरी तोंडून ऐकला तरच चिठ्ठी, तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि बोलणाऱ्याचं नाव उजव्या कोपऱ्यात. डब्यात कापसाच्या जिनिंगमधल्या बाया आहेत, स्टेशनावरचा हमाल आहे, आई तर कितीदा आहे. मी नाही. या आठवड्यात पुन्हा एकदा सगळ्या चिठ्ठ्या पाहिल्या, एकदाही नाही. कशी असेन? मी लहानपणी "मले पानी दे" म्हटलं की तुम्ही पेला हातात धरून थांबायचात. "मला. पाणी. नीट म्हण, मग देतो." मी नीट म्हणायला शिकले. पुढे त्याच नीट भाषेवर पुण्यात नोकरी मिळाली, तिथे कोणाला माझं गाव ओळखता आलं नाही, आणि तुम्ही ते अभिमानाने सांगत फिरलात. पण जे तुम्हीच मला शिकवलं होतं, ते माझ्या तोंडून ऐकून तुम्ही काय टिपून घेणार होता? तिच्याशी तुम्ही तुमच्या आईच्या भाषेत बोलत होता. माझ्याशी बोलताना तुम्ही कायम वर्गात उभे असायचात.

मला आजही तिचा राग येतो. तिने काही चोरलं नव्हतं, हे कळूनही येतो. फोनवर ती "सर मले म्हनत" असं म्हणाली, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या मला वाटलं, फोन ठेवून द्यावा.

त्या रविवारी तिच्यादेखत चिठ्ठी लिहून तुम्ही तिला बसला पोचवायला स्टँडवर गेला होता. मी आईची कात्री घेतली आणि चिठ्ठीचा कोपरा कापला, नावापुरता. तुम्हाला तो नंतर दिसला असणारच. तुम्ही मला विचारलं नाही आणि नाव पुन्हा लिहिलंही नाही. ते माझ्यासाठी होतं की फक्त राहून गेलं, याचा मी इतकी वर्षं विचार करते आहे. माझ्यासाठी होतं, असं धरून चालले तर बरं वाटतं.

हे पत्र मी डब्यातच ठेवणार आहे. तिला अजून काही कळवलेलं नाही. कोपरा मी तेव्हा फेकला नव्हता. कंपासपेटीत ठेवला, मग पाकिटात, आता चष्म्याच्या घरात आहे. डिंक आणून चार दिवस झाले. बाटली उघडलेली नाही.