मुक्काम मिसिंग

सातारा,
१३ मार्च १९४६

प्रिय राही,

आपण कचेरीत पहिल्यांदा एकत्र खाल्लं तो दिवस तुला आठवतो का? तू माहेरच्या कुणाकडून सांगलीचं भडंग मागवलं होतंस आणि ते जुन्या वर्तमानपत्रावर ओतून माझ्यापुढे सरकवलं होतंस. मी म्हटलं, यात लसूण आहे, आम्हाला चालत नाही. मला वाटलं, तू ओशाळशील. तू मात्र पदर खोचलास आणि एकेक लसणाची पाकळी नखानं वेचून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत राहिलीस. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणालीस, "घ्या आक्का, झालं ह्ये जैन." मी ते खाल्लं. वास जायचा तो गेलाच नव्हता. घरी वहिनीला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

आज हे आठवायला कारण आहे. ते लगेच लिहवत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते. एक मात्र आत्ताच सांगून ठेवते. या पत्रात मी माझी एक गोष्ट कबूल करणार आहे आणि ती वाचल्यावर तू मला पुन्हा पत्र लिहिशील की नाही, याची मला खात्री नाही.

तुझं माघातलं पत्र मी तीनदा वाचलं. माधवनगरचा सकाळचा भोंगा, गिरणीच्या दारातली तुझी हजेरीची खिडकी, तिथून दिसणारं शेवग्याचं झाड, रीळखात्यातल्या बायका दुपारी भाकरीचे गठळे सोडून "राहीबाय, आज काय हाय?" म्हणून तुझ्या डब्यात डोकावतात ते. सुट्टीच्या दिवशी सांगलीला जाऊन घाटावर बसता आणि त्या बायकांतली शालूबाई तुझ्यासाठी ओल्या शेंगा भाजून आणते, तेही लिहिलंस. साऱ्या पत्रात शालूबाईचं नाव सात वेळा आलं आहे. मी मोजलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही, तरी ती मला आवडत नाही. बावन्न वर्षांच्या बाईनं असं लिहावं हे शोभत नाही, पण आज मी शोभेसाठी लिहायला बसलेली नाही.

इकडे सगळं तसंच आहे. सकाळी शनिवार पेठेतून निघते. मोती चौकात पेढेवाल्याच्या कढईला उलथनं लागलेलं असतं, त्याचा खरवडल्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत येतो. साखर रेशनवर आली तरी तो आवाज बंद पडला नाही. पोवई नाक्यावरचा टांगेवाला अजून विचारतो, "बाईसाहेब, दुसऱ्या बाई कवा येणार?" कचेरीत जाऊन मी शाईची गोळी पाण्यात विरघळते, डिंकाच्या बाटलीचं तोंड कोमट पाण्यानं मोकळं करते, खिडकी उघडते. अजिंक्यताऱ्यावर ऊन आलेलं असतं. त्या वेळी माणसं यायची असतात आणि टेबल स्वच्छ असतं. राही, मला नवरा लवकर गेला, मूल नाही. पण रोज सकाळचा तो पाव तास मला कुणी दिला असता का? तो या नोकरीनं दिला. तू होतीस तेव्हा त्या पाव तासात दोघींचा चहाही असायचा. आता एकीचा असतो आणि गाळून ठेवला तर गार होतो.

लढाई सुरू झाल्यावर सैन्यातल्या माणसांच्या घरच्यांसाठी ही कचेरी उघडली, तेव्हा मला वाटलं होतं की आता आपल्या शिक्षणाचं चीज होणार. वडील पाचगणीला ओव्हरसियर होते म्हणून मी नन्सच्या शाळेत शिकले, इंग्रजी त्यांच्यासारखं लिहू लागले, आणि पुढे तीस वर्षं त्या इंग्रजीत मी भावाच्या घरातल्या औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. इथे मात्र पलटणींचे कागद यायचे, सगळे इंग्रजी, आणि ते वाचून सांगणारी साऱ्या कचेरीत मी एकटी. तू व्हर्नाक्युलर फायनल झालेली, बायकांची घरची पत्रं मराठीत लिहून द्यायला घेतलेली. टेबलं शेजारी शेजारी होती. पण रांग तुझ्याच टेबलाशी लागायची.

मी चुकीचं काय करत होते ते मला तेव्हा कळलं नाही. मी कागद नीट वाचायची, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायची, "आपल्याला कळवण्यात येतं की" असं सुरू करायची, आणि समोरची बाई पदर तोंडात धरून उभी राहायची. तू मात्र कागद हातात घ्यायच्या आधी हात पदराला पुसायचीस, तिला आधी खाली बसवायचीस, "कुठली गं तू? पाऊस झाला का तिकडं?" म्हणायचीस. मग वाचायचीस. तुझ्या टेबलाखाली वाटाणे, शेंगा, गुळाचे खडे यांची गाठोडी जमायची. माझ्या टेबलावर दोन वर्षांत मूठभर शेंगासुद्धा कुणी ठेवल्या नाहीत. तू त्यातल्या अर्ध्या मला द्यायचीस. त्या मी घ्यायची, खायची, आणि मला त्यांचा राग यायचा.

आता बनुबाईचं लिहिते.

ती दुष्काळी माण तालुक्यातून आली होती. बेचाळीसचा भादवा. हातात पलटणीचा कागद, आणि परतीची मोटार सुटायला थोडा वेळ. मी आत हेडक्लार्क नाथाजीरावांकडे होते. तिला ताटकळत ठेवायचं जिवावर आलं म्हणून कागद तूच घेतलास. तुझ्या हवालदार यजमानांनी हयात असताना तुला इंग्रजी अक्षरं शिकवली होती, तेवढ्यावर तू नाव वाचलंस, अर्जुना. नंबर वाचलास, आणि पुढे मोठ्या अक्षरांत टाईप केलेला शब्द जुळवलास, मि-सिं-ग. बनुबाईनं विचारलं, "मिसिंग? ह्ये कुठं आलं?" आणि तू जरा विचार करून म्हणालीस, "इजिप्तच्या अंगाला आसंल. लढाई तिकडंच हाय न्हवं?" तिनं विचारलं, "पानी हाय का तितं?" तू म्हणालीस, "नदी हाय म्हंत्यात मोठी." तर ती हसली. माणची बाई, नवरा पाण्याच्या गावी आहे म्हणून हसली.

राही, तुला वाटतं की मला हे सगळं पुढे सहा महिन्यांनी, त्या गर्दीच्या दिवशी कळलं. तसं नाही. मी तेव्हा दारात उभी होते. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं.

मी दोन पावलं पुढे येऊन तुझ्या कानात सांगू शकले असते. तू चटकन सावरलं असतंस, तिला माझ्यापेक्षा शंभरपट मायेनं समजावलं असतंस. मी गप्प राहिले. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते: बरं झालं. गोड बोलणं म्हणजे विद्या नव्हे, हे एक दिवस सगळ्यांना दिसेल. तो दिवस येऊ दे.

मग ती दर महिन्याला येऊ लागली. तू तिची पत्रं लिहून द्यायचीस, शेळ्या किती व्याल्या, विहिरीला किती परस पाणी आहे, धाकट्याला दात आले आणि तो आजीला चावला. पत्राच्या माथ्यावर लिहायचीस, 'अर्जुना यास, मुक्काम मिसिंग'. आतलं न वाचता, पलटणीच्या नंबरावरून इंग्रजी पत्ता मी घालायचा, असा आपला रिवाज. दर वेळी मी म्हणायची, ठेव, घालते टपालात. आणि ते पत्र माझ्या खणात जायचं. सहा पत्रं. मी ती वाचलीही. इतकं साधं मराठी मला कधी लिहिता आलं नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

फाल्गुनात ती घोंगडी घेऊन आली. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, विणकराकडून विणून घेतलेली. कचेरी भरलेली होती. त्याच सकाळी नाथाजीराव म्हणाले होते की राहीबाईंचं टेबल दर्शनी ठेवू, लोक त्यांनाच विचारतात. आक्कांचं मागे भिंतीशी न्या. आणि तू सगळ्यांपुढे मला विचारलंस, "आक्का, मिसिंगला पार्सल जातं का वो?"

मी उठून उभी राहिले. शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी. स्वच्छ आवाजात सांगितलं की मिसिंग नावाचं गाव जगात नाही, मिसिंग म्हणजे माणसाचा पत्ता लागत नाही, आणि तसल्या माणसाला पार्सल जात नाही.

तुझा चेहरा मी पाहिला. तो पाहण्यासाठीच मी सहा महिने थांबले होते. पण बनुबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती तुझ्याकडे वळली, "राहीबाय, खरं हाय?" तू मान हलवलीस. ती रडली नाही, तुला बोलली नाही. घोंगडी उराशी धरून तुझ्या टेबलाच्या पायाशी बसली आणि तूही खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ बसलीस. कचेरी सुटेपर्यंत दोघी तशाच. त्या दुःखातसुद्धा तुम्ही दोघी एकीकडे आणि मी एकीकडे. मला त्याचाही हेवा वाटला, राही. असा माझा स्वभाव.

पुढच्या आठवड्यात तू राजीनामा दिलास. माधवनगरहून पहिलं पत्र आलं त्यात लिहिलंस, "आक्का, तुम्ही होता म्हणून माझी चूक सावरली, नाहीतर मी त्या बाईला अजून किती फसवलं असतं." आणि लिहिलंस की आता फक्त हजेरी मांडते, कुणाचा कागद वाचत नाही, शालूबाईनं मुलाचं पत्र आणलं तरी हात जोडते. तीन वर्षं तू मला उपकारकर्ती समजून पत्रं लिहिलीस, आणि मी ती घेत राहिले.

परवा सोमवारी बनुबाई आली. केस पांढरे झालेत. हातात नवा कागद. कैदेतली माणसं सुटून आली, त्यांत अर्जुना नाही. तो मेला असं सरकारनं धरलं आहे, आणि कुटुंबाच्या पेन्शनसाठी तिचा अंगठा हवा. या वेळी मी तुझ्यासारखं करायचं ठरवलं. तिला बसवलं, पाणी दिलं, पाऊसपाणी विचारलं, मग वाचलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पदराखाली नेला. म्हणाली, "तुमचं विंग्रजी बराबर आसंल, बाईसाब. पर मागल्या बारीला तुमी वाचलं आन् त्येचं गाव गेलं. आता वाचताय तर मानूस जाईल. मी न्हाई अंगठा द्याची." नाथाजीरावांनी समजावलं, दरडावलं. तिचं एकच, "राहीबाय कुठं हाय? तिनं वाचलं तर खरं." तुझी चूक उघडी पडली तीही तिच्यादेखत, आणि तरी तिला तुझंच खरं वाटतं. मला पूर्वी याचा संताप आला असता. परवाही आला, खोटं कशाला सांगू. पण संतापातही कळलं की तिचं बरोबर आहे.

म्हणून हे पत्र. आपली कचेरी या महिन्याच्या एकतीस तारखेला बंद होते आहे, त्याच्या आत अंगठा लागला नाही तर तिच्या मुलांच्या तोंडचं जाईल. उद्याच्या मोटारीनं बनुबाईच हे पत्र घेऊन तुझ्याकडे येते आहे. आता ती तुझ्यासमोर बसली असेल. तू कागद वाचणं सोडलंस ते माझ्यामुळे, तुझ्या चुकीमुळे नव्हे. ती चूक पाव तासात पुसली गेली असती, मी ती सहा महिने पोसली. हे कळल्यावर तरी तू हा कागद हातात घेशील, एवढ्यासाठी सगळं लिहिलं. बरोबर चार वस्तू आहेत. लांब पाकिटातला कागद तुझ्यासाठी. त्याचं मराठी मी मागे पेन्सिलीनं लिहिलं आहे, पण ते माझं मराठी आहे, तू तुझ्या शब्दांत सांग. पत्र्याच्या डबीत शाईची गादी आहे. अंगठा झाला की साक्षीला तुझी सही कर, डबी तुझ्याकडेच ठेव, आणि कागद नाथाजीरावांच्या नावे रजिस्टर टपालानं पाठव. दोऱ्यानं बांधलेली सहा पत्रं बनुबाईची. ती इतकी वर्षं कुठं होती ते तिला माझं नाव घेऊन सांग, आडपडदा ठेवू नकोस. पेढ्यांचा पुडा शालूबाईला दे. तुझ्याजवळ कुणीतरी आहे हे बरं आहे, असं मला मनापासून म्हणता येईल तोवर निदान पेढे तरी. आणि बनुबाई सकाळपासून उपाशी असणार, तिनं माझ्याकडे पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. कागद नंतर वाच. आधी तिला जेवू घाल.

तुझीच,
त्रिशला